सुट्टीत घर बंद ठेवून निघताय? कुलूप लावण्याआधी काय काय करायचं?

मे महिना, गणपती आणि दिवाळी. या तीन मोसमांत वर्तमानपत्रांच्या शहर पानावर एक बातमी ठरलेली असते. 'बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून' अशी तिची सुरुवात होते आणि 'ऐवज लंपास' असा शेवट. मधल्या ओळींत कुटुंब कुठे गेलं होतं, किती तोळे सोनं गेलं आणि चोरी कधी लक्षात आली एवढंच असतं. चोरी बहुतेक वेळा लक्षात येते ती घरचे परतल्यावर किंवा शेजाऱ्यांना दार अर्धवट उघडं दिसल्यावर.

चोरीची बातमी तरी होते. स्वयंपाकघरातल्या वॉटर प्युरिफायरची नळी सुटून आठवडाभर पाणी वाहिलं आणि खालच्या घराचं छत गळायला लागलं, याची बातमी होत नाही. लाइट जाऊन फ्रिजमधलं सगळं सडलं, बाल्कनीत कबुतरांनी संसार थाटला, बादलीत डासांच्या अळ्या झाल्या, याचीही होत नाही. या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. घरात माणूस असता तर नुकसान दहा मिनिटांत थांबलं असतं. घर बंद असल्यामुळे त्याला दहा दिवस मिळाले.

म्हणून घर बंद करण्याची तयारी म्हणजे फक्त चांगलं कुलूप नाही. आपल्याशिवाय बिघडू शकेल असं काहीही चालू ठेवायचं नाही आणि बिघडलंच तर आत शिरू शकेल असा एक माणूस नेमून जायचं, ही खरी तयारी.

घर रिकामं आहे, हे बाहेर कळतं कसं?

सर्वात आधी कळतं ते दारावरून. कडीला लटकणारं मोठं कुलूप 'आत कोणी नाही' हे जिन्यावरूनच सांगतं. दाराच्या आत बसवलेलं लॅच किंवा लिव्हरचं कुलूप बाहेरून तसं ओरडून सांगत नाही. शिवाय चोर बहुतेक वेळा कुलूप फोडत बसतच नाहीत. ते कोयंडा उपटतात. महागडं कुलूप जुन्या चौकटीतल्या दोन स्क्रूंवर टांगलेलं असेल, तर त्या खर्चाचा उपयोग नाही. निघण्याआधी सुताराला बोलवून कोयंडा, बिजागऱ्या आणि चौकट तपासून घेणं जास्त कामाचं.

दुसरी खूण म्हणजे साचलेल्या वस्तू. दाराबाहेर पडलेले पेपर, दुधाची पिशवी, कुरिअरचा खोका, सेफ्टी डोअरच्या जाळीत खोचलेली जाहिरात. पेपरवाल्याला आणि दूधवाल्याला बंद सांगायचं हे सगळ्यांना माहीत असतं, ऑनलाइन मागवलेलं पार्सल मात्र विसरलं जातं. सेल लागला म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ऑर्डर टाकली, तर ती डिलिव्हरी तुम्ही महाबळेश्वरला असताना दाराशी येणार.

बाहेरचा दिवा चालू ठेवून जाण्याची पद्धत बरीच जुनी. पण भर दुपारी जळणारा व्हरांड्यातला दिवा उलट चुगलीच करतो. त्यापेक्षा हॉलमधला एक दिवा टायमरवर किंवा स्मार्ट प्लगवर लावून संध्याकाळी चार तास जळू द्यावा. बाल्कनीतल्या दोरीवर कपडे तसेच ठेवू नका. 'घरात माणसं आहेत असं वाटतं' हा युक्तिवाद पहिल्या दिवशी ठीक आहे. पाचव्या दिवशीही तोच टॉवेल त्याच चिमट्यात दिसला की चित्र उलटतं.

स्टेटस टाकायचं की नाही?

टाका, पण परत आल्यावर. 'फायनली ऑफ टू गोवा' ही स्टोरी टाकताना डोळ्यासमोर मित्रमैत्रिणी असतात. प्रत्यक्षात व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस, सेटिंग बदललेलं नसेल तर, तुमच्या सगळ्या सेव्ह केलेल्या आणि तुमचा नंबर सेव्ह असलेल्या लोकांना दिसतं. दोन वर्षांपूर्वी एकदाच येऊन गेलेला एसीवाला, घर दाखवणारा एजंट, जुन्या सोसायटीतला कोणीतरी, हे सगळे त्यात आले. यातला कोणीही चोर आहे असं नाही. पण तुमच्या घराचा पत्ता माहीत असलेल्या इतक्या लोकांना 'घर अमुक दिवस रिकामं आहे' हे सांगायची गरजच काय?

फोटो टाकल्याशिवाय राहवत नसेल, तर स्टेटस प्रायव्हसीमध्ये 'ओन्ली शेअर विथ' निवडून घरची दहा माणसं ठेवा, इन्स्टाग्रामवर 'क्लोज फ्रेंड्स'पुरती स्टोरी टाका आणि लोकेशन टॅग टाळा. बोर्डिंग पासचा फोटो मात्र कुणालाच नको. त्यावर पीएनआर आणि बारकोड असतो आणि त्यातून परतीची तारीखही निघू शकते.

मोठी चूक वेगळ्याच ठिकाणी होते, सोसायटीच्या ग्रुपवर. 'आम्ही १५ तारखेपर्यंत नाही, कुणी पार्सल घेईल का प्लीज' हा मेसेज दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये जातो. त्यात भाडेकरू असतात, घर विकून गेलेले जुने मालक असतात आणि ग्रुपमधून काढायचे राहिलेले बरेच जण असतात. एका शेजाऱ्याला फोन केला तरी काम होतं. आणि हे मुलांनाही सांगावं लागतं. आईवडिलांनी काहीच पोस्ट केलं नाही, पण शाळेतल्या मुलाने विमानतळावरून रील टाकलं, असं होतंच.

किल्ली कुणाकडे?

बंद घरासाठी सर्वात उपयोगी वस्तू कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण कॅमेरा म्हणतील. कॅमेरा चांगलाच. पण पाणी गळताना तो फक्त दाखवेल, नळ बंद करणार नाही. ते काम किल्ली असलेला माणूसच करू शकतो.

तुळशीच्या कुंडीखाली, चपलांच्या रॅकमध्ये, मीटरच्या पेटीत किल्ली ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको. घरचे जिथे ठेवतात तिथेच बाहेरचेही आधी बघतात. किल्ली एकाच विश्वासाच्या माणसाकडे द्या आणि ती देताना दोन मिनिटं काढून पाण्याचा कॉक, गॅसचा वॉल्व्ह आणि मेन स्विच कुठे आहे ते दाखवा. इथेच बहुतेक जण थांबतात. किल्ली देतात, पण घर दाखवत नाहीत. मग रात्री अकरा वाजता खालच्या मजल्यावरून फोन आल्यावर शेजारचे काका टॉर्च घेऊन प्रत्येक बाथरूममध्ये कॉक शोधत फिरतात आणि तुम्ही मनालीहून फोनवर 'डावीकडे, गिझरच्या खाली' असं सांगत बसता.

मधे एकदा दार उघडून आत फेरी मारायला सांगावं. वास येतोय का, कुठे ओल दिसतेय का, एवढंच बघायचं. वॉचमनला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला तारखा आणि एक संपर्क क्रमांक देऊन ठेवावा. स्वतंत्र बंगला किंवा रो हाउस असेल आणि बरेच दिवस जाणार असाल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवता येतं. सुट्ट्यांच्या आधी पोलीसही तसं आवाहन करत असतात.

पाणी: सर्वात दुर्लक्षित धोका

ज्या शहरांत पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथे ही चूक हमखास होते. निघायच्या गडबडीत कोणीतरी नळ सोडतं. पाणी नसतं. नळ तसाच उघडा राहतो आणि कुटुंब स्टेशनवर पोहोचतं. संध्याकाळी टाकी भरते आणि नळ वाहायला लागतो. सिंकमध्ये एखादं भांडं किंवा फडकं पडलेलं असेल, तर पाणी थेट जमिनीवर. ते आधी दाराखालून बाहेर येईल की खालच्यांच्या पंख्यावरून टपकेल, एवढाच प्रश्न उरतो.

उपाय सोपा आहे. घराचा मेन कॉक बंद करायचा. पण अनेक इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडास यांना वेगवेगळ्या लाइन येतात, त्यामुळे कॉकही दोन किंवा तीन असतात. एक बंद केला म्हणजे सगळं पाणी बंद झालं असं नाही. बंद केल्यावर प्रत्येक नळ उघडून पाहा, पाणी थांबलं की पुन्हा फिरवून बंद करा. वर्षानुवर्षं न फिरवलेले कॉक जाम झालेले असतात. ते निघायच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी फिरवून बघावेत, म्हणजे प्लंबर बोलवायला वेळ राहतो.

वॉटर प्युरिफायरची बारीक प्लॅस्टिकची नळी आणि वॉशिंग मशीनचा पाइप या दोन जागा सुटण्यासाठी प्रसिद्ध आहेत. दोन्हीचे छोटे कॉक वेगळे बंद करा.

आता उलटी बाजू. बाथरूमच्या जाळीखाली जो न्हाणी ट्रॅप असतो, त्यात थोडं पाणी कायम साठलेलं असतं. गटारातला वास आणि झुरळं त्या पाण्यामुळेच अडतात. दोन-तीन आठवडे वापर नसला की उन्हाळ्यात ते पाणी वाळतं आणि परतल्यावर घरभर तो वास येतो. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, वर चमचाभर गोडं तेल टाका. तेलाच्या थरामुळे पाणी उशिरा वाळतं. कमोडचं झाकण बंद ठेवा.

साठवलेलं पाणी मात्र ठेवू नका. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्याकडच्या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणजे दहा दिवसांची सहल. बादल्या, पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या थाळ्या हे सगळं रिकामं करून घासून पुसायचं. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. पाणी पुन्हा मिळालं की त्यातून अळ्या निघतात.

मग झाडांचं काय? कुंडीखाली थाळीभर पाणी ठेवून जाणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय नेमका डासांच्या सोयीचा. त्याऐवजी कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, मातीवर वाळलेला पालापाचोळा पसरा आणि तोंड नीट झाकलेल्या बाटलीतून जाड सुती दोरी कुंडीच्या मातीत सोडा. आठवडाभर निभतं. त्याहून जास्त दिवस जायचं असेल, तर तुळस सरळ शेजारी पोहोचवावी.

गॅस आणि वीज

शेगडीची बटणं बंद आहेत म्हणजे गॅस बंद झाला, असं नाही. शेगडीपर्यंतच्या रबरी नळीत गॅसचा दाब राहतोच आणि तीच नळी उंदीर कुरतडतात. रेग्युलेटर बंद करा. बरेच दिवस जायचं असेल तर तो काढून सिलिंडरला टोपी लावा. पाइप गॅस असेल तर मीटरजवळचा वॉल्व्ह पाइपला आडवा करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, पाइपमधला नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. बंद घरात दोन्हींना बाहेर जायला वाट नसते.

विजेचं गणित फ्रिजपाशी अडतं. मेन स्विच बंद करणं सर्वात सुरक्षित, पण मग फ्रिज बंद, वायफाय बंद, म्हणजे कॅमेराही बंद. अनेकांना हे प्रवासात मोबाइलवर 'ऑफलाइन' दिसल्यावर उमगतं. आठवड्यापर्यंतची सुट्टी असेल तर फ्रिज आणि राउटरचे एमसीबी चालू ठेवून बाकीचे पाडावेत. कोणता एमसीबी कशाचा हे लिहिलेलं नसेल, तर स्केचपेनने लिहून टाका. गिझर, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांचे प्लग काढून ठेवा. पावसाळ्यातल्या विजांच्या वेळी बंद बटणापेक्षा काढलेला प्लग भरवशाचा.

महिनाभर जाणार असाल तर फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवून बंद करावा. दार लावून बंद केलेला फ्रिज काळ्या बुरशीने भरतो आणि तो वास लवकर जात नाही.

फ्रिज चालूच ठेवत असाल तर एक छोटी युक्ती. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर मधे लाइट बराच वेळ गेली होती, बर्फ वितळून पुन्हा गोठला. मग फ्रीझरमधले मटार, चिकन, आइस्क्रीम दिसायला कितीही चांगले असले तरी टाकून द्यायचे.

बटाटे, कांदे, फळं मागे ठेवू नका. ओट्याखालच्या टोपलीत विसरलेल्या एका सडक्या बटाट्याचा वास आल्यावर 'उंदीर मेलाय' म्हणून घर उपसणारे कमी नाहीत. कचऱ्याचा डबा शेवटी रिकामा करा. एक्झॉस्ट पंख्याचं भोक आणि डक्टची खिडकी जाळीने बंद करा. कबुतरांना घरटं बांधायला चार काड्या आणि शांतता एवढंच लागतं.

सोनं, लॉकर आणि विमा

तांदळाचा डबा, साड्यांच्या घड्या, गादीखाली, देवघराचा कप्पा, माळ्यावरची पेटी. घरोघरी सोनं लपवण्याच्या जागा याच, त्यामुळे त्या लपवण्याच्या राहिलेल्या नाहीत. पर्याय बँकेच्या लॉकरचा. पण त्याचीही मर्यादा माहीत हवी. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये काढलेले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले नियम सांगतात, की आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यामुळे लॉकरमधल्या वस्तू गेल्या, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत. भाडं ३ हजार रुपये असेल तर ३ लाख. पूर किंवा भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत सहसा तेवढंही नाही. तरीही दहा दिवस रिकाम्या घरातल्या कपाटापेक्षा लॉकर बराच बरा.

घराच्या विम्याबद्दलही एक गैरसमज असतो. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, वादळ, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं यांचं संरक्षण आहे. चोरीचं मात्र अशा एखाद्या घटनेनंतरच्या ७ दिवसांत झालेल्या चोरीपुरतंच. सुट्टीत साधी घरफोडी झाली तर त्यासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं आणि दागिन्यांचा उल्लेखही वेगळा लागतो. घर सलग ३० दिवसांहून जास्त बंद राहणार असेल, तर पॉलिसीत त्याबद्दल काय अट आहे ते आधी वाचा.

दागिन्यांचे फोटो आणि पावत्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. तो मोबाइल तुमच्याबरोबर असेल. कपाटातली फाइल नसेल.

गणपतीला निघताना

कोकणात गावी जाणाऱ्या कुटुंबांची तयारी दुहेरी असते. शहरातलं घर बंद करायचं आणि वर्षभर बंद असलेलं गावचं उघडायचं. तेही ऐन पावसात. शहरातल्या तळमजल्याच्या घरात कागदपत्रं, गाद्या, इन्व्हर्टर जमिनीवर ठेवून जाऊ नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा अनेकांच्या आयुष्यभराच्या फायली खालच्या खणात होत्या. कपाटांची दारं किंचित उघडी ठेवा, आतल्या खोल्यांचीही, म्हणजे हवा खेळती राहते आणि बुरशी कमी धरते.

गावचं घर पुन्हा बंद करताना शहरातलेच नियम लागतात, शिवाय वाळवी आणि कौलं. शाकारणी पावसाआधी झालेली असली, तरी निघताना माळ्यावर चढून ओल कुठे दिसते ते बघावं. पुढचं माणूस तिथे थेट शिमग्याला येणार असतं.

गाडी मागे ठेवून जात असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा.

निघताना

हातावर दही-साखर घेऊन, देवापुढे दिवा लावून निघायची पद्धत अनेक घरांत आहे. तो दिवा तासभर आधी लावा. तेवणारी समई, धुमसणारी उदबत्ती आणि बाजूला कापडी पडदा, अशा अवस्थेत घर बंद होता कामा नये.

दार लावल्यावर 'गॅस बंद केला ना?' हा प्रश्न टॅक्सीत पडतोच. त्यावर एक इलाज म्हणजे निघताना मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढणं. रेग्युलेटर, कॉक, एमसीबी, खिडक्या, शेवटी दार. मिनिटभराचा हा व्हिडिओ फक्त स्वतःसाठी ठेवायचा, पण अर्ध्या प्रवासातून माघारी फिरण्याची वेळ त्याने टळते.

परत आल्यावर

दार उघडल्या उघडल्या बटणाकडे हात जातो. तो थांबवा. आधी वास घ्या. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, बेल वाजवू नका, दारं-खिडक्या उघडून बाहेर या आणि बाहेर आल्यावरच फोन लावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा मदत क्रमांक आहे. वास नसेल तर खिडक्या उघडा, कॉक सोडा, सुरुवातीचं पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या आणि गिझर भरल्याची खात्री झाल्यावरच तो चालू करा.

दार फोडलेलं दिसलं तर आत जाऊ नका. आत अजून कोणी असू शकतं. बाहेरूनच ११२ ला फोन करा. पोलीस येईपर्यंत कपाट, कडी, विखुरलेले कपडे कशालाही हात लावू नका. 'काय काय गेलं' हे बघण्याच्या घाईत घरचेच बोटांचे ठसे पुसून टाकतात. पंचनामा झाल्यावर यादी करा आणि एफआयआरची प्रत घ्या, ती विनामूल्य मिळते. भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातल्या चोरीसाठी कलम ३०५ आणि घरफोडीसाठी कलम ३३१ आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी चोरीसाठी केलेल्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फिर्यादीत नेमका वेळ सांगता येत नसेल, तर घर शेवटचं कुणी आणि कधी नीट पाहिलं होतं ते सांगा. किल्ली असलेल्या शेजाऱ्याने मधल्या फेरीची तारीख लक्षात ठेवली असेल, तर पोलिसांचं शोधायचं अंतर दहा दिवसांवरून दोन-तीन दिवसांवर येतं.